वनराई बंधाऱ्यासाठी गावात जायचंय? एनएसएस युनिटने आधी गोळा करायचे कागद

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. मुंबईची तहान भागवणारे तानसा, भातसा याच शहापूर तालुक्यात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कातळ, त्यामुळे दिवाळीनंतर ओहोळ झपाट्याने आटतात. ते पाणी दोन-अडीच महिने जास्त थोपवायला वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, हा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) मुलांना तो सहज बांधता येतो.

गाडी अडते ती तारखेवर. सात दिवसांचं निवासी शिबिर बहुतेक कॉलेजं नाताळच्या सुट्टीत घेतात, तोवर ओहोळाची धार करंगळीएवढी झालेली असते. तेव्हा बंधारा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये, वर्षाच्या नियमित १२० तासांमधून, दोन शनिवार-रविवारी बांधून घ्या. निवासी शिबिर शिवारफेरी, चरांची आखणी आणि विहिरींच्या मोजणीसाठी ठेवा. याचा अर्थ, कागदांची सुरुवात जुलैमध्ये.

कोणाला भाग घेता येतो

कॉलेजात एनएसएसचं मंजूर युनिट आणि नेमलेला कार्यक्रम अधिकारी हवा. पदवीचं युनिट साधारण १०० स्वयंसेवकांचं असतं, त्यातले निम्मे निवासी शिबिराला जातात. एनसीसीच्या कॅडेटना एनएसएसमध्ये घेता येत नाही, नावं भरताना हे तपासा. दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं. बंधाऱ्याच्या दिवसांची हजेरी म्हणूनच तासांसकट, त्याच दिवशी सहीनिशी नोंदवा. महिन्याभराने आठवून भरलेली वही तपासणीत टिकत नाही.

गावाचा ठराव

सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचा अर्ज सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय यायला हवा. २ ऑक्टोबरवर ढकललात तर पुढच्या परवानग्यांना वेळ उरत नाही.

‘श्रमदानास मान्यता’ एवढ्यावर भागत नाही. ओहोळाचं स्थानिक नाव, गट नंबर, कामाचे दिवस, मुलांच्या पिण्याच्या पाण्याची आणि शौचालयाची सोय, आणि मे महिन्यात बंधारा कोण काढणार, हे सगळं ठरावात लिहून घ्या. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भागही. तिथे पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेलं गाव असेल तर पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते, ती आधी विचारा. ज्या बायका त्या ओहोळावर पाणी भरतात त्या सभेला असतील, तर जागा नेमकी कळते.

जागा कोणाची

अर्ज परत फिरतात ते इथे. गाव नकाशावर जागा ओळखा आणि लगतच्या गटांचे सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. सातबाऱ्यावर चार सहहिस्सेदार असतील तर चौघांचंही संमतिपत्र हवं, एकट्या थोरल्या भावाची सही चालणार नाही. पाणी तुंबून कोणाच्या भातखाचरात शिरणार असेल तर त्या शेतकऱ्याचीही संमती घ्या, कारण नोव्हेंबरात काही खाचरांत गरवा (उशिरा पिकणारा) भात उभा असतो.

जागा वनहद्दीत असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी मिळेपर्यंत कुदळ लावू नका. तानसा अभयारण्यात वन्यजीव विभागाकडे जावं लागतं. वेळ कमी असेल तर सरळ वनहद्दीबाहेरची जागा निवडा. तालुका कृषी कार्यालयाला पत्र देऊन कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी) जागा दाखवून घ्या.

मुलांच्या फाइलमध्ये पालकांचं संमतिपत्र, ओळखपत्राची प्रत, रक्तगट आणि आजार-औषधांची नोंद ठेवा. मुली असतील तर सोबत शिक्षिका हवी. पोलीस ठाण्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी पत्र द्या. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन केंद्रात आहे का, हे फोन करून विचारा, कारण दगड उचलताना साप-विंचू निघतात.

गोण्यांचा हिशोब

अर्जासोबत साहित्याची यादी जोडावी लागते. बंधारा दोन्ही काठांतल्या खाचांसकट ५ मीटर लांब आणि १ मीटर उंच धरा. तळाशी दीड मीटर, माथ्यावर ६० सेंटिमीटर जाडी ठेवली तर सव्वापाच घनमीटर भरतं. सिमेंटची रिकामी गोणी मातीने पाऊण भरली की साधारण २५ लिटरची, म्हणजे २१० गोण्या. फाटक्या निघतात म्हणून २४० मागवा, सोबत सुतळी आणि दहा-बारा दाभणं. खताची गोणी असेल तर ओहोळापासून दूर धुऊन मगच वापरा.

गोणी काठोकाठ भरू नका. गच्च गोणी लोडासारखी गोल राहते आणि दोन गोण्यांच्या फटीतून पाणी निसटतं. पाऊण भरून तोंड शिवलं, थरावर आडवी टाकून पायाने दाबली की ती शेजारणीला चिकटून बसते. थर विटांसारखे, सांधा मोडून रचा. पहिल्या थराआधी तळातली वाळू कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत उपसा, नाहीतर पाणी खालून जातं. दोन्ही काठांत अर्धा मीटर खाच घेऊन गोण्या आत घुसवा, कारण बहुतेक बंधारे बगलेतून फुटतात. भरायची माती काठावरून उकरू नका, काठ ढासळतो. मध्यभाग एक थर खाली ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी तिथूनच पडेल. पडतं तिथे सपाट दगड टाका.

शेवटची फाइल

कामाआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागेवरून काढा. जवळच्या दोन-तीन विहिरींमध्ये कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर पंधरा दिवसांनी दोरीने मोजायचं काम गावच्या शाळेतल्या मुलांना द्या आणि आकडे शाळेच्या फळ्यावर लिहू द्या. अहवालाला हे आकडे जोडा. पुढच्या वर्षी त्याच गावात अर्ज करताना ग्रामसभेत तेच वाचून दाखवता येतात.

उन्हाने गोण्या पिचतात. मेअखेर त्या सोडवून, माती शेताच्या बांधावर टाकून रिकाम्या गोण्या परत आणा. पहिल्या पावसात वाहून गेल्या तर प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या खाचरांत जाऊन बसतात. या दिवसासाठी दहा मुलांची नावं नोव्हेंबरातच लिहून ठेवा, परीक्षा संपल्यावर कोणी सापडत नाही.