चार्जरमधले सहा मिलिमीटर

‘डब्यावर सीई छापलंय, म्हणजे माल पास आहे,’ हे वाक्य लातूरच्या गंजगोलाईपासून आठवडी बाजारातल्या पालापर्यंत कुठेही कानावर पडतं. त्याला उत्तर म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा शोध फिरतो: दोन अक्षरं चिकटून असतील तर तो ‘चायना एक्स्पोर्ट’चा शिक्का. दोन्ही खोटं. ‘चायना एक्स्पोर्ट’ नावाचं अधिकृत चिन्हच नाही. सीई ही युरोपच्या बाजाराची खूण, आणि चार्जरसारख्या वस्तूवर ती कारखानदार स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो. आपल्याकडे मोबाइल चार्जरला भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी लागते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ सालचा. अ‍ॅडॉप्टर आणि पॉवर बँक त्यात नंतर आले. खूण अशी: वर मानकाचा क्रमांक, बहुतेक आयएस १३२५२ (भाग १), आणि खाली ‘आर’नंतर आठ आकडे.

हे आकडे नसलेला आयात चार्जरही फोन चार्ज करतोच. मग बिघडतं काय, ते आत बघावं लागतं.

भिंतीतला २३० व्होल्टचा एसी आधी डायोडच्या ब्रिजमधून जातो आणि मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतो (२३० गुणिले १.४१४). एक ट्रान्झिस्टर हा डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. त्यातून फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिकच्या) इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमध्ये बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पलीकडच्या वेटोळ्यात ५ व्होल्ट मिळतात. अलीकडची बाजू जीवघेणी, पलीकडची हाताळायची. दोन वावरांमध्ये बांध असावा तशी या दोहोंमध्ये सर्किट बोर्डवर तांबं नसलेली मोकळी पट्टी ठेवतात, साधारण ५ ते ६ मिलिमीटरची. ती ओलांडायची मुभा मोजक्या भागांना: ट्रान्सफॉर्मर, प्रकाशाने निरोप पोचवणारा ऑप्टोकपलर (काही रचनांत तो नसतोही), आणि बहुधा निळ्या रंगाचा, चकतीसारखा वाय कपॅसिटर.

खरी गंमत या वाय कपॅसिटरची आहे. ट्रान्झिस्टरच्या तोडजोडीने जो उच्च वारंवारतेचा गोंगाट होतो, त्याला परतीची वाट द्यायला तो बसवतात. पण तो बसतो थेट दोन बाजूंच्या मध्ये, त्यामुळे ५० हर्ट्झची वीजही त्यातून थोडी झिरपते. किती? २.२ नॅनोफॅरडचा असेल तर २ × ३.१४ × ५० × २.२ नॅनोफॅरड × २३०, म्हणजे फार तर ०.१६ मिलिअँपिअर. आयएस १३२५२ मध्ये दोन पिनांच्या उपकरणाला ०.२५ मिलिअँपिअरपर्यंत गळती चालते. माणसाला साधारण ०.५ च्या आसपास जाणवायला लागतं. या जागेसाठीचे वाय१ आणि वाय२ या सुरक्षा-वर्गांचे कपॅसिटर बिघडलेच तर शॉर्ट न होता तुटावेत अशा बेताने घडवतात. वाय१ ला ८००० व्होल्टच्या क्षणिक धक्क्याची चाचणी असते. पैसे वाचवायला तिथे दिसायला तसाच, १ किलोव्होल्टचा साधा सिरॅमिक कपॅसिटर लावला आणि तो शॉर्ट झाला, तर यूएसबीच्या पत्र्यावर थेट मेनची वीज येते. अर्थिंग वाचवत नाही, कारण दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगच नाही. सगळी भिस्त इन्सुलेशनवर.

ट्रान्सफॉर्मरमध्येही हीच काटकसर. चांगल्या चार्जरमध्ये पलीकडचं वेटोळं तिहेरी आवरणाच्या तारेचं असतं किंवा मध्ये टेपचे पुरेसे थर असतात. स्वस्तात साधी इनॅमल तार (नुसता लाखेसारखा लेप दिलेली) आणि टेपचा एखादाच वेढा. प्रमाणित नमुन्याला या दोन बाजूंमध्ये ३००० व्होल्ट एसी एक मिनिट सोसावे लागतात. बोर्डावरची पट्टी मिलिमीटरभर असेल तर उन्हाळ्यातली धूळ किंवा जिनिंगजवळचा कापसाचा भुगा तिथे बसतो, जूनच्या दमट हवेत ओला होतो, त्यातून बारीक ठिणग्या उडून कोळशाची रेघ पडते. त्या रेघेतून वीज वाहते. भर म्हणून डीपीवरचा न्यूट्रल तुटला की एका फेजच्या घरात ४०० व्होल्टपर्यंतही दाब चढू शकतो.

मोबाइल वीज ओढून घेतो म्हणून पावसात तो बंद करा, असं दर मृगात सांगतात. खिशातला फोन आकाशातली वीज खेचत नाही. धोका आहे तो चार्जिंगला लावून कानाला धरलेल्या फोनचा: विजेच्या तारेवर पडलेला आकाशातल्या विजेचा धक्का चार्जरमधल्या त्या सहा मिलिमीटरपर्यंत येऊन पोचतो.

तपासायचं कसं? ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये आर-क्रमांक टाकावा. नोंदणी विशिष्ट कारखान्याला मिळते, म्हणून ब्रँड आणि वस्तू दोन्ही जुळायला हवेत. एलईडी दिव्याचा क्रमांक चार्जरवर उसना घेतलेला असेल तर तो इथेच उघडा पडतो. अर्थात नोंदणी म्हणजे प्रत्येक नग तपासला असं नव्हे. या योजनेत नमुन्याची प्रयोगशाळेतली चाचणी आणि उत्पादकाचं स्वयंघोषणापत्र यांवर काम चालतं. आयएसआयप्रमाणे परवान्याआधी कारखान्याची तपासणी होत नाही.

टेस्टरवर विसंबू नये. निऑन टेस्टर मायक्रोअँपिअरवरही पेटतो, त्यामुळे उत्तम चार्जरच्या पत्र्यावरही तो मिणमिणतो. त्यापेक्षा मोटार रिवायंडिंगच्या दुकानातला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, बरा. चार्जर सॉकेटमधून काढून दोन्ही पिना एकत्र जोडायच्या, एक वायर त्यांना, दुसरी यूएसबीच्या पत्र्याला. मेगर डीसी देतो, म्हणून वाय कपॅसिटर आडवा येत नाही. काटा अनंताकडे जायला हवा. दोन-चार मेगओमवर अडला तर चार्जरच्या पिना तोडून तो फेकावा. तोच प्रकार फवारणी पंपाच्या चार्जरचा, तो तर ओल्या हातांनी आणि अनवाणी जोडला जातो.

मात्र मेगर पट्टीची रुंदी सांगत नाही. ती बघायला चार्जर फोडावा लागतो, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट काही काळ राहू शकतात. मल्टिमीटरवर शून्य दिसेपर्यंत बोट लावू नये. फोडलेला चार्जर चिकटवून पुन्हा वापरायचा नाही.