आवड आधी की निवड आधी?

सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दहाला गराडू (तळलेला कंद) की भुट्ट्याचा म्हणजे मक्याचा कीस, यावर अडलेला माणूस शेवटी कीस घेतो आणि दोन घास पोटात गेले की गराडूला नावं ठेवू लागतो. इंदूरच्या मराठी घरांत हे रोजचंच. अमेरिकेत मिनेसोटात मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९५६ साली याचा प्रयोग केला. २२५ विद्यार्थिनींनी टोस्टरसारख्या घरगुती वस्तूंना गुण दिले, दोनांतली एक भेट म्हणून निवडली, मग पुन्हा गुण दिले. घेतलेली वस्तू वर गेली, सोडलेली खाली आली. दोन्हींचे गुण जवळजवळ सारखे असतील, तिथे हा फरक मोठा. पुढच्याच वर्षी लिऑन फेस्टिंजर यांनी याला सिद्धांताचं रूप दिलं: मनातली विसंगती बोचते, म्हणून मत सरकतं.

मात्र २००१ मध्ये स्मृतिलोपाच्या रुग्णांतही हाच बदल दिसला. काय निवडलं हेच ज्यांना आठवत नव्हतं, त्यांना बोचणार काय?

२००९ मध्ये टाली शॅरॉट आणि सहकाऱ्यांनी सहलीची ठिकाणं डोळ्यांपुढे आणायला सांगून मेंदूचे स्कॅन केले. निवडीनंतर कॉडेट न्यूक्लियस या भागातला प्रतिसादही निवडीच्या बाजूने सरकला होता. स्कॅनचं हे यंत्र पेशींचे विद्युतसंकेत पकडत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतं, आणि तो पाचेक सेकंद उशिरा शिखर गाठतो. त्यामुळे ‘इथे मत बदललं’ म्हणून एका ठिपक्यावर बोट ठेवणं उतावीळपणाचं.

या सगळ्या प्रयोगांवर खरा घाव घातला कीथ चेन आणि जेन रायझन यांनी, २०१० मध्ये. गुण म्हणजे आवडीचा ढोबळ अंदाज. कीस आणि गराडू दोघांना ७ दिले, तरी खरी ओढ किसाला ७.४ आणि गराडूला ६.६ असू शकते. निवड ती ओढ उघडी करते, आणि दुसऱ्यांदा गुण देताना आकडे आपोआप तिकडे झुकतात. म्हणजे मत तसूभर न बदलताही ‘बदल’ दिसतो. अर्धशतकाच्या निष्कर्षांना हा आक्षेप लागू होतो, आणि तो आम्हाला बिनतोड वाटतो.

त्याच वर्षी केइसे इझुमा यांच्या गटाने खाद्यपदार्थ घेऊन तोड काढली: एकदा गुण-निवड-गुण, आणि तुलनेसाठी गुण-गुण-निवड. दुसऱ्या क्रमात निवड सर्वांत शेवटी, म्हणजे तिचा परिणाम आधीच्या गुणांवर होणं शक्यच नाही. तरीही जो फरक दिसेल तो निव्वळ मोजणीचा. तो वजा केल्यावरही नाकारलेल्या पदार्थांची पसंती घसरलेली होती, आणि स्ट्रायटम या मेंदूच्या भागातला (कॉडेट त्यातच येतं) प्रतिसादही. वर्गात हा प्रयोग करायचा तर हा दुसरा क्रम गाळू नये. तो नसेल तर आलेल्या आकड्यांत बदल किती आणि मोजणीची चूक किती, हे वेगळं काढता येत नाही.