अंगणातल्या पाट्या आणि ४३५ जागांचं गणित

न्यू जर्सीतला माझा मामेभाऊ २०२४ च्या निवडणुकीआधी फोनवर ठासून सांगत होता, "आमच्या रस्त्यावर अकरा घरांपुढे एकाच पक्षाच्या पाट्या रोवल्यात. निकाल लागल्यातच जमा!" मी विचारलं, "मागच्या खेपेला किती होत्या?" ते काही त्याला आठवेना.

सगळी मेख तिथेच आहे: मागचा आकडा ठाऊक नसेल, तर आजच्या अकरा पाट्यांचा अर्थ लागत नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा, दर दोन वर्षांनी सगळ्यांची निवडणूक. इतक्या मतदारसंघांत धड सर्वेक्षणंही होत नाहीत. मग अंदाज बांधणारे आधी एकच गोष्ट बघतात: अध्यक्षपदाला इथे कुणाला मतं पडली? २०२४ मध्ये अध्यक्ष एका पक्षाचा आणि प्रतिनिधी दुसऱ्याचा, अशी निवड केवळ १६ मतदारसंघांनी केली.

त्यावरून मतदारसंघाचा 'कल' काढतात, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा इथे एखाद्या पक्षाला किती जास्त मतं पडतात ते. समजा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे ३ टक्के आहे आणि यंदा देशात त्या पक्षाला ४९ टक्के मिळतील असं दिसतंय. ४९ अधिक ३, म्हणजे ५२. (मतांचा वाटा ३ नं वाढला की आघाडी ६ नं वाढते. इथे भले भले गडबडतात.)

पण ५२ म्हणजे विजय नव्हे! अंदाजाची प्रमाण चूक (म्हणजे अंदाज साधारणपणे जितका हुकतो त्याचं माप) ४ टक्के धरली, तर ५० ची रेघ त्या मापाच्या निम्म्या अंतरावर येते आणि घंटाकृती वक्रानुसार (लहान चुका पुष्कळ, मोठ्या क्वचित) जिंकण्याची शक्यता ६९ टक्के निघते. चूक २ टक्क्यांवर आणली की तेच ५२ टक्के ८४ टक्क्यांची खात्री देतात.

आता माझा आवडता भाग. ६९ टक्के शक्यतेच्या अशा दहा जागा घ्या. प्रत्येकीचा निकाल स्वतंत्र असेल, तर दहाच्या दहा हरण्याची शक्यता ०.३१ चा (१ वजा ०.६९) दहावा घात, म्हणजे लाखात एकदाही नाही. प्रत्यक्षात मात्र चुका एकमेकींना बांधलेल्या असतात. देशाचाच अंदाज ३ टक्क्यांनी हुकला, तर दहाही जागा एकदम एकाच बाजूला कलतात. म्हणून संगणकावर हजारो लुटुपुटूच्या निवडणुका घेताना आधी देशभराची एक चूक चिठ्ठी काढल्यासारखी उचलतात, मग प्रत्येक जागेची वेगळी. ही पहिली चिठ्ठी विसरलेलं प्रारूप (अंदाज काढणारं गणित) फाजील आत्मविश्वासानं बोलतं, अगदी टीव्हीवरच्या ज्योतिष्यासारखं. फरक इतकाच, की प्रारूपाची चूक मोजता येते. ज्योतिषीबुवा निकालानंतर 'राहूची दृष्टी' शोधून मोकळे!

आणि हे गणित पक्षापुरतंच, माणसापुरतं नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून निवडून आले. डेट्रॉइटचा तो भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, नोव्हेंबरचा निकाल शेंबडं पोरही सांगेल. खरी झुंज झाली ती ऑगस्टमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत. तिथे उमेदवारांची भाऊगर्दी होती आणि ठाणेदारांनी ती जिंकली सुमारे २८ टक्के मतांवर. सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे कलाचा आकडा सगळ्यांना सारखाच.