राजाहून श्रेष्ठ असलेली आत्या

१७७७ साली इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक दक्षिण प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, टोंगाटापू बेटावर आला, तेव्हा पाउलाहो हा तिथला ‘तुई टोंगा’, म्हणजे सर्वोच्च राजा होता. लोक त्याच्या पायांशी डोकं टेकवत. पण या राजाहूनही वरच्या मानाची माणसं बेटावर आहेत, असं कुकला कळलं. ती म्हणजे राजाची आत्या आणि तिला फिजीच्या पुरुषापासून झालेली तीन मुलं. त्यांपैकी लातुनिपुलू हा आतेभाऊ समोर असताना पाउलाहो जेवत नसे.

राजाहून वरचं कुणी कसं असू शकतं? याचं उत्तर राजवाड्यात नाही, टोंगातल्या साध्या घरात आहे. तिथे बहीण वयाने धाकटी असली तरी भावाहून श्रेष्ठ मानली जाते. भावाभावांत थोरला वरचा, बहिणीबहिणींत थोरली वरची. वडिलांकडचे नातलग वरचे, आईकडचे खालचे. त्यामुळे आत्या, म्हणजे ‘मेहेकितांगा’, सर्वांत मानाची ठरते, तर मामा भाच्यांपुढे नमतो. भाच्यांचा मामावरचा हा हक्क म्हणजे ‘फाहू’; तो हक्क असलेल्या व्यक्तीलाही फाहूच म्हणतात. जुन्या काळी भाचा मामाची वस्तू न विचारता उचलून नेऊ शकत असे. समाजात मात्र वेगळी उतरंड होती: वर ‘होउएइकी’ हे सरदार, त्यांच्या विधींची आणि भाषणांची जबाबदारी सांभाळणारे ‘मातापुले’, आणि तळाशी ‘तुआ’ ही सामान्य जनता. पण सरदारसुद्धा आपल्या घरी बहिणीच्या खालीच.

हाच नियम राजघराण्याला लावला की पेच उभा राहतो. राजाची बहीण, ‘तुई टोंगा फेफिने’, राजाहून वरची. तिची मुलं तर राजाचे फाहू. असा भाचा एखाद्या बलाढ्य टोंगन सरदाराचा मुलगा असता, तर गादी सुरक्षित राहिली नसती. शिवाय तिला शोभेल असा वर देशात मिळणार कुठे? म्हणून तिचं लग्न फिजीच्या वंशातल्या घराण्यात होऊ लागलं. मुलांना आईकडून अत्युच्च मान मिळे, पण बापाकडून गादीवर दावा सांगता येत नसे. तिच्या मुलीला ‘तामाहा’ म्हणत, आणि तिच्यापुढे खुद्द तुई टोंगाही वाकत असे. नात्यांचा एक नियम राज्यघटनेसारखा इतका काटेकोर चालवलेला मला तरी दुसरीकडे आढळला नाही.

सत्ता मात्र मानाच्या मागे गेली नाही. परंपरेनुसार पहिला तुई टोंगा अहोएइतू हा तांगालोआ देव आणि मानवी स्त्री यांचा मुलगा. त्याचा काळ साधारण दहावं शतक. पंधराव्या शतकात तुई टोंगा ताकालाउआचा खून झाला. त्याच्या मुलाने, काउउलुफोनुआने, रोजचा कारभार आपल्या भावाकडे सोपवला आणि ‘तुई हाआताकालाउआ’ ही दुसरी शाखा सुरू झाली. १६०० च्या सुमारास तिच्यातून तिसरी, ‘तुई कानोकुपोलू’ निघाली. तिचा पहिला पुरुष न्गाता हा सामोआच्या स्त्रीचा मुलगा. या धाकट्या शाखांनी आपल्या मुली तुई टोंगाला पट्टराणी म्हणून दिल्या. पुढचा तुई टोंगा त्यांचाच नातू होई. मानाने ते खालीच राहिले, कारण ते मामाकडचे. पण गादीच्या वारशात त्यांचं रक्त मुरत गेलं.

शेवटी कानोकुपोलू शाखेतल्या ताउफाआहाऊने, म्हणजे जॉर्ज तुपू पहिला याने, बेटं एका सत्तेखाली आणली. शेवटचा तुई टोंगा लाउफिलितोंगा १८६५ मध्ये वारला आणि ते पद संपलं. १८७५ च्या राज्यघटनेने ठरावीक सरदारांना वंशपरंपरागत पदव्या दिल्या. आज त्या ३३ आहेत. कित्येक जुने सरदार मात्र कायद्याच्या यादीबाहेरच राहिले. पुढे राणी सालोते हिने १९१७ मध्ये हाआताकालाउआ वंशातल्या तुंगी माइलेफिही याच्याशी लग्न केलं. त्यांचा मुलगा, राजा तुपू चौथा, याच्यात तिन्ही राजवंश एकत्र आले.

२०१० पासून संसदेत जनतेचे १७ आणि सरदारांचे ९ निवडून आलेले सदस्य बसतात. फाहूला त्या यादीत जागा नाही. पण अंत्यविधीत मृताच्या उशाशी फाहूचा मान असलेली स्त्रीच बसते आणि उत्तम चटया व सालीचं रंगवलेलं कापड तिलाच दिलं जातं. मृताहून खालच्या नात्याचे लोक कमरेला मोठ्या, फाटक्या चटया गुंडाळतात. फाहूची चटई मात्र लहान आणि तलम असते.