लाकडी पॅकिंग पझल आणि ते घरच्या हत्यारांनी बनवणं

पॅकिंग पझल म्हणजे एक डबा आणि त्यात बसवायचे ठोकळे, बस. ठोकळे टेबलावर पसरलेले असताना वाटतं की हे काय, आरामात मावतील, आणि मग शेवटचा एक हातात उरतो. यात कुलूप, स्प्रिंग, लपवलेलं चुंबक असलं काहीच नसतं, सगळी फसवाफसवी आकारांची. दिवाळीच्या आधी माळ्यावर डबे रचायचे किंवा लग्नाला जाताना बॅग भरायची, तो याच जातीचा प्रकार, फक्त बॅगेवर बसून चेन ओढता येते, लाकडावर बसून काही होत नाही.

बडोद्यात हे पझल विकत शोधत फिरण्यापेक्षा बनवणं सोपं असं माझं मत आहे, कारण लागणारं सगळं इथे हाताशी आहे. लाकडाच्या वखारीला इथे लाटी म्हणतात, आणि लाटीवर किंवा फर्निचर बनवणाऱ्या मिस्त्रीकडे सागाचे फूट-दीड फुटाचे तुकडे पडलेले असतात, ज्यांचं त्याला काही करायचं नसतं. रंगीत लाखकामाच्या सागवानी झोपाळ्या-खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेलं संखेडा इथून फार लांब नाही. आणि सयाजीरावांच्या काळात, १८९० साली, इथे कलाभवन निघालं ते हातानं काम करणारी शिकलेली माणसं तयार व्हावीत म्हणूनच, त्यामुळे शर्ट-पँटमधला माणूस रंधा मारताना दिसला तर आपल्या शहरात कुणाला नवल वाटायला नको. भाषेचाही प्रश्न येत नाही, करवत मराठीत करवत आणि गुजरातीतही करवतच, रंध्याचा रंधो होतो, फक्त गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) मागितला की मिस्त्रीकाका एक सेकंद थांबतात आणि मग "काटखूणो?" असं विचारतात.

कुठली पझल बनवावीत

सुरुवातीला स्लोथाउबर-ग्रात्समा. हे दोघे डच आर्किटेक्ट. ३×३×३ च्या डब्यात १×२×२ च्या सहा चपट्या विटा आणि १×१×१ चे तीन छोटे घन बसवायचे. नऊच तुकडे, पण उत्तर एकच (डबा फिरवून किंवा आरशात पाहून जे वेगळं दिसतं ते धरायचं नाही). बहुतेक जण आधी मोठ्या विटा रचतात आणि छोटे घन उरलेल्या भोकात कोंबायला बघतात, तिथेच फसतात. खरं गणित असं की कुठलाही थर घ्या, आडवा, उभा, कसाही, त्यात ९ घरं असतात, म्हणजे विषम, आणि वीट कुठल्याही थरात २ नाहीतर ४ घरंच व्यापते, म्हणजे सम. त्यामुळे प्रत्येक थरात एक छोटा घन आलाच पाहिजे, आणि ते तिघे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके बसतात. हे कळलं की पझल दोन मिनिटांत सुटतं, नाही कळलं तर रविवार जातो.

याचाच मोठा भाऊ कॉनवेचा, म्हणजे इंग्रज गणिती जॉन कॉनवे (निधन २०२०) यांचा. ५×५×५ चा डबा, १×२×४ चे तेरा ठोकळे, २×२×२ चा एक, १×२×२ चा एक आणि १×१×३ च्या तीन काड्या. बेरीज बरोबर १२५ येते, एक घरही रिकामं राहत नाही, आणि इथेही किल्ली त्या तीन काड्यांतच असते. डॅनिश लेखक-कल्पक पीट हाइन यांचा सोमा क्यूब बऱ्याच जणांनी लहानपणी प्लास्टिकमध्ये पाहिलेला असतो, छोटे घन जोडून केलेले सात तुकडे, त्यांचा ३×३×३ चा घन करायचा, आणि २४० उत्तरं, म्हणजे पाहुण्यांच्या हातात द्यायला चांगला.

पण बनवण्यासाठी माझं आवडतं हॉफमनचं. गणिती डीन हॉफमन यांनी १९७८ मध्ये मांडलेलं. सत्तावीस ठोकळे, सगळे एकाच मापाचे, समजा ४×५×६, आणि डबा या तिघांच्या बेरजेएवढा, म्हणजे १५×१५×१५. एका ठोकळ्याचं घनफळ १२०, सत्तावीसचं ३२४०, डब्याचं ३३७५. म्हणजे १३५ जागा रिकामी, टक्क्यात ४. एवढीशी मोकळी जागा, पण ती कुठे सोडायची हाच प्रश्न. सपाटीवर करून बघायचं तर ४×६ चे चार पत्ते १०×१० च्या चौकटीत भिंगरीसारखे लावा, मधे २×२ चं भोक उरतं. तेच तिन्ही दिशांनी करायचं. वेगवेगळी उत्तरं २१ आहेत, आणि सत्तावीस सारखे ठोकळे बघून माणूस हसतो, मग अर्ध्या तासानं हसत नाही.

बनवताना

सुतारकामात सूत हे माप चालतं, एका इंचात आठ सूत, म्हणजे सूत साधारण तीन मिलिमीटर. कपाटाच्या दाराला अर्धा सूत इकडे-तिकडे झालं तर कुणाला कळत नाही, बिजागरीत भागून जातं. इथे भागत नाही. कॉनवेच्या डब्यात पाच तुकडे रांगेत येतात, प्रत्येक फक्त ०.२ मिमी जाड झाला तर शेवटी १ मिमी जास्त, आणि तुम्ही बसता आठवडाभर उत्तर शोधत, जे लाकडात नाहीच. म्हणून यात पहिला नियम असा की मोजायचं नाही. म्हणजे एकदा मोजायचं आणि मग सगळे तुकडे त्याच एका अडणीला (लाकूड ठरल्या अंतरावर थांबवणारा अडसर) टेकवून कापायचे. सत्तावीस वेळा पट्टी आणि पेन्सिल घेतली की सत्तावीस वेगवेगळे ठोकळे मिळतात, हात कितीही सरावाचा असो. माप थोडं चुकलं तरी चालतं, सगळ्यांचं सारखं चुकायला हवं.

हॉफमनसाठी एक घर ८ मिमी धरा, म्हणजे ठोकळा ३२×४०×४८. तर ३२×४० ची एकच लांब पट्टी करून घ्यायची आणि तिचे ४८ चे तुकडे पाडायचे. सत्तावीस तुकड्यांचे १२९६ मिमी, वर करवतीच्या पात्याचा प्रत्येक कापाला दीडेक मिमी भुसा होतो तो धरून साडेचार फूट पट्टी पुरते, पण पाच फूट घ्या (का ते शेवटी). लाकूड वाळलेलंच हवं. जुन्या खिडकीच्या चौकटीचा साग मिळाला तर सोनं, फक्त खिळे नीट शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं जातं. पट्टी चारही बाजूंनी सरळ करायचं काम मिस्त्रीच्या मशीनवर करून घेतलं तर त्यात कमीपणा काही नाही, साडेचार फूट लांबीत हातरंध्यानं माप एकसारखं ठेवणं कठीणच असतं, आणि ही एकच गोष्ट बाहेर करून घेतली की बाकी सगळं गॅलरीत होतं.

कापायला लाकडी माइटर बॉक्स (करवत सरळ चालावी म्हणून भिंतींना खाचा असलेली पेटी) आणि बारीक दातांची करवत. बॉक्सच्या आत ४८ आणि वर अर्धा मिमी एवढ्या अंतरावर एक चौकोनी लाकूड स्क्रूनं पक्कं करायचं, हीच अडणी. पट्टी सरकवा, टेकवा, कापा. आता यातली एक बारीक गोष्ट जी मला डझनभर ठोकळे वाया घालवल्यावर समजली. प्रत्येक कापाला भुसा पडतो आणि तो अडणीच्या पायाशी जमतो, पुढची पट्टी लाकडाला न टेकता भुशाला टेकते आणि ठोकळा चुपचाप अर्धा मिमी आखूड होतो, डोळ्याला दिसतही नाही. उपाय म्हणजे अडणीची खालची कड पटाशीनं तिरकी छाटायची, भुशाला तिथे जागा होते, आणि शिवाय दर कापानंतर जुन्या टूथब्रशनं एक हात फिरवायचा.

तो वरचा अर्धा मिमी शूटिंग बोर्डवर काढायचा. नाव भारी आहे, वस्तू साधी, एका फळीवर दुसरी अरुंद फळी, तिच्यावर काटकोनात एक आडवी पट्टी, आणि रंधा आडवा झोपवून ठोकळ्याच्या टोकावरून चालवायचा. पातं धारदार नसेल तर टोकाकडचे रेषे कापले न जाता उचकटतात, आणि ठोकळ्यामागे आधाराला रद्दी लाकूड नसेल तर कोपरा तुटतो. पॉलिश पेपरनं माप उतरवायच्या फंदात पडू नका, कडा गोल होतात आणि मध्यभाग तसाच राहतो. पेपर फक्त शेवटी, २२० नंबरचा, प्रत्येक कडेवर एकदा, म्हणजे बोटाला टोचत नाही आणि ठोकळा सरकतानाही अडत नाही.

मग दहा ठोकळे टोकाला टोक लावून रांगेत ठेवा. ४८० यायला हवं. ४८३ आलं तर प्रत्येक ०.३ नं लांब आहे, साधारण पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पत्त्याएवढं. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) नसला तरी चूक अशी पकडता येते.

सोमासारख्या पझलमध्ये घन एकमेकांना चिकटवावे लागतात, तिथे दोन पट्ट्यांचा काटकोनी कोपरा करून त्याला आतून पॅकिंगची टेप लावा, मग फेविकॉल लाकडाला धरतो आणि कोपऱ्याला सोडतो.

डबा

डबा सगळ्यात शेवटी. आधी डबा करून मग त्यात बसतील असे ठोकळे करायला जाणारे बरेच भेटतात (मीही त्यातला). ठोकळे तयार झाले की त्यांनाच रांगेत लावून आतलं माप घ्यायचं आणि वर थोडी ढील सोडायची. हॉफमनमध्ये १२० च्या जागी १२२ केलं तरी बिघडत नाही, कारण सगळी मापं आठाच्या पाढ्यातली, १२० नंतरची बेरीज थेट १२८, त्यामुळे दोन मिमीत खोटं उत्तर शिरत नाही. ३२ चे चार एका ओळीत बसवायचा मोह सगळ्यांना होतो, ते १२८ होतात, बसत नाहीत, तसंच हवं.

भिंतींना १२ मिमीचा प्लाय बरा. चारही भिंती एकाच लांबीच्या कापायच्या, आतलं माप अधिक एक जाडी, म्हणजे १३४, आणि प्रत्येकीचं एक टोक शेजारणीच्या पोटाला आणि दुसरं टोक बाहेर असं भिंगरीसारखं जोडायचं. लांब-आखूड जोड्या करण्यापेक्षा हे सोपं, पुन्हा एकच अडणी. तळाला १४६ चा चौरस, आणि त्यात मधोमध बोटाएवढं भोक पाडायला विसरू नका. डबा घट्ट झाला की हवा आत कोंडते, ठोकळा पिचकारीच्या दट्ट्यासारखा हळूहळू खाली जातो आणि मग बाहेर यायचं नाव घेत नाही. भोकातून ढकलता येतं.

पावसाळा

ही ढील कशाला ते बडोद्यातल्या माणसाला सांगायला नको, मे महिन्यात लाकूड तडकतं आणि जुलैत दारं घासायला लागतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागाचं हलणं कमी म्हणतात ते खरं आहे, तरी ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्तुळांच्या दिशेनं साधारण ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के आकसतो. ऋतू बदलला की यातला छोटा हिस्साच लागू होतो, पण १२० मिमीच्या रांगेत तोही मिलिमीटरपर्यंत जातो. प्लाय मात्र जागचा हलत नाही, म्हणून ठोकळे फुगतात आणि डबा तेवढाच राहतो. माझा एक डबा, उन्हाळ्यात अर्ध्या मिमीच्या ढिलीनं केलेला आणि ज्यावर मी फार खूश होतो असा, श्रावणात भरलेल्या अवस्थेत अडकला तो थेट दिवाळीच्या फराळाच्या सुमारास सुटला. त्यामुळे उन्हाळ्यात करत असाल तर ढील जास्त, भर पावसात करत असाल तर कमी.

फिनिशसाठी व्हार्निश नको, त्याचा थर मापात भर घालतो आणि दमट हवेत ठोकळे एकमेकांना चिकटतात. मेण चोळून फडक्यानं पुसलं की पुरे, सागाचा रंगही तसाच छान दिसतो.

पाच फूट पट्टी घेतली असेल तर अडणी काढायच्या आधी आणखी तीन ठोकळे कापून ठेवा. यातला एक नक्की सोफ्याखाली जातो, आणि सहा महिन्यांनी वेगळ्या लाकडाचा, वेगळ्या अडणीवर कापलेला अठ्ठाविसावा ठोकळा त्या सत्तावीसात कधीच बसत नाही.