किल्ली खिशात, कुलूप विजेवर

दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले असताना हँडलला नुसते बोट लावावे आणि दार उघडावे, ही सोय आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते. बोट लागले की दारांत आणि डिक्कीत बसवलेल्या अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झच्या कमी वारंवारितेवर एक प्रश्न पाठवतात. अँटेनाभोवतीचे चुंबकी क्षेत्र फार लवकर विरते. अंतर दुप्पट झाले की त्याची ताकद सुमारे एक अष्टमांश उरते, म्हणून हा प्रश्न मीटर-दीड मीटरपलीकडे सहसा पोहोचत नाही. खिशातली किल्ली त्या प्रश्नाने जागी होते, त्यातल्या आकड्यावर आपल्याजवळच्या गुप्त संकेताने गणित करते आणि उत्तर रेडिओ लहरींवर परत पाठवते. भारतात आणि युरोपात हे उत्तर बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर असते. उत्तर जुळले की कुलपाची मोटर फिरते. हे सगळे सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते.

प्रश्न दर वेळी नवा असतो, त्यामुळे कुणी उत्तर टिपून ठेवले तरी पुढच्या वेळी ते चालत नाही. संकेतच कच्चा असला तर मात्र किल्लीची नक्कल करता येते. टेस्ला मॉडेल एसच्या किल्लीतला ४० बिटांचा संकेत २०१८ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी असाच फोडून दाखवला. नव्या गाड्यांत १२८ बिटांचा संकेत वापरतात आणि तो फोडणे आज कुणाच्या आवाक्यात नाही.

पण चोराला संकेत फोडायची गरजच पडत नाही. गाडीला एवढेच कळते की बरोबर उत्तर आले. किल्ली किती दूर आहे हे ती मोजत नाही, प्रश्न ऐकू गेला म्हणजे किल्ली जवळच असणार असे धरून चालते. दोघे चोर याच गृहीतकाचा फायदा घेतात. एक जण गाडीपाशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी. पहिला गाडीचा प्रश्न टिपून रेडिओने दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तो १२५ किलोहर्ट्झवर जोरात पुन्हा सोडतो. दाराजवळच्या खुंटीवरची किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते आणि दार उघडते. इंजिनही याच रीतीने सुरू होते. शिवाय चालती गाडी मध्येच बंद पडणे धोक्याचे, म्हणून किल्ली दूर गेली तरी इंजिन चालूच ठेवलेले असते. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. दहाही गाड्या उघडल्या.

यावरचा खरा उपाय म्हणजे अंतर मोजणे. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. मधल्या यंत्रांमुळे ३० मीटरचा वळसा पडला तर जाऊन-येऊन २०० नॅनोसेकंद वाढतात. जुनी पद्धत उत्तराची वाट यापेक्षा हजारो पटींनी जास्त वेळ पाहते, त्यामुळे तिला तो फरक दिसतच नाही. अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी, ही पद्धत अतिशय आखूड स्पंद वापरते आणि अंतर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगते. नवी गाडी घेताना ‘किल्लीत यूडब्ल्यूबी आहे का’ हा प्रश्न सनरूफच्या आधी विचारायला हवा. फोनने दार उघडते एवढ्यावर समाधान मानू नये. फोन नुसत्या ब्लूटूथवर चालत असेल तर तोही संदेश असाच पुढे पाठवता येतो, हे २०२२ मध्ये टेस्ला मॉडेल ३ वर दाखवले गेले आहे.

जुन्या गाडीत करण्यासारखे बरेच आहे. काही किल्ल्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि किल्ली काही मिनिटे स्थिर पडली की ती झोपी जाते. टोयोटाच्या अनेक मॉडेलांत लॉकचे बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबले की किल्लीचा दिवा चारदा लुकलुकतो आणि ती प्रश्न ऐकणे थांबवते. कुठलेही बटण दाबले की पुन्हा जागी होते. आपल्या गाडीत अशी सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहावे. बाजारात मिळणारी धातूच्या अस्तराची पाकिटेही चालतात, पण प्रत्येक पाकीट तपासून घ्यावे. किल्ली त्यात ठेवून गाडीला खेटून उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडले तर पाकीट कुचकामी. स्वयंपाकघरातल्या फॉइलवर विसंबू नये. १२५ किलोहर्ट्झचे क्षेत्र पुरते अडवायला ॲल्युमिनियमची जाडी निदान पाव मिलिमीटर तरी हवी, आणि फॉइल त्याच्या दहाव्या हिश्श्याचेही नसते. ४३३ मेगाहर्ट्झ ते अडवते, पण घडीत फट राहिली की तेही निसटते.

चोरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा त्रास देतो तो किल्लीतला सेल. बहुतेक किल्ल्यांत तीन व्होल्टचा सीआर २०३२ असतो, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. तो उतरू लागला की आधी पल्ला घटतो आणि अगदी गाडीजवळ आल्याशिवाय बटण चालत नाही. मीटरवर सेल तीन व्होल्ट दाखवतो म्हणून तो चांगला असे समजू नये. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि किल्ली संदेश पाठवू लागताच व्होल्टेज कोसळते. बदलताना किल्लीच्या आतली धातूची पाती, म्हणजे दार हाताने उघडायची साधी चावी, काढा, तिच्या खाचेत कापड गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून किल्ली उकला, जुन्या सेलची अधिक बाजू कुठे होती ते पाहून नवा तसाच बसवा. सेल काढल्याने किल्लीतली ओळख पुसली जात नाही. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. किल्ली गाडीपासून दोन-तीन मीटरांत टांगू नये. काही गाड्यांत ती आणि गाडी दोघी बोलत राहतात आणि दोन्हीकडचे सेल-बॅटरी उतरतात.

सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते. किल्लीत एक लहान चिप आणि वेटोळे असते. त्याला गाडीच्याच चुंबकी क्षेत्रातून वीज मिळते, पण अंतर काही सेंटिमीटरच चालते. म्हणून ब्रेक दाबून किल्ली थेट स्टार्ट बटणाला टेकवावी. काही मॉडेलांत ही जागा कपहोल्डरमध्ये किंवा आर्मरेस्टखाली असते. दार मात्र पातीने उघडावे लागते आणि तिचे भोक अनेकदा ड्रायव्हरच्या हँडलवरच्या टोपीखाली दडलेले असते. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली तरीही हीच वाट. इलेक्ट्रिक गाडीतही कुलपे त्या लहान बॅटरीवरच चालतात, मोठी बॅटरी भरलेली असून उपयोग नाही. एकदा दिवसाउजेडी पातीने दार उघडून पाहावे. वर्षानुवर्षे न वापरलेले कुलूप धुळीने घट्ट झालेले असते.

सगळ्यात गंभीर प्रसंग पाण्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत काही जण बंद गाड्यांतच दगावले. सेंट्रल लॉक आणि विजेच्या काचा पाण्याने निकामी होतात, पण दार न उघडण्याचे मोठे कारण पाण्याचा दाब असतो. ८० सेंटिमीटर रुंद दाराबाहेर पाणी ६० सेंटिमीटर चढले आणि आत अजून शिरले नाही, तर दारावर सुमारे १४० किलो वजनाइतका जोर येतो. बिजागरीपासून दूरच्या कडेवर ढकलले तरी सत्तरेक किलोचा रेटा लागतो. म्हणून दाराशी झटू नये. पट्टा सोडा, पाणी काचेपर्यंत येण्याआधी काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा.

काच हलेना तर बाजूच्या काचेचा कोपरा टोकदार हातोडीने फोडावा. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही. हेडरेस्ट उपसून त्याच्या दांड्यांनी काच फोडण्याचा सल्ला सर्वत्र फिरतो, पण अनेक स्वस्त मॉडेलांत हेडरेस्ट सीटशी एकसंध असते आणि दांड्याच नसतात. हातोडी डिक्कीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी बांधलेली हवी.

बहुतेक गाड्यांत आतले हँडल तारेने थेट कुलपाला जोडलेले असते. त्यातल्या अनेकांत एकदा ओढल्यावर लॉक सुटते, दुसऱ्यांदा दार उघडते. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर तिथले हँडल चालत नाही, पुढच्या सीटवरून निघावे लागते. काही नव्या गाड्यांत आतले हँडलही नुसते विजेचे बटण असते. टेस्लाच्या २०२१ च्या मॉडेल वायची बाहेरची हँडले बॅटरी उतरल्यावर बंद पडल्याच्या तक्रारींवर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २०२५ मध्ये चौकशी सुरू केली. त्यातल्या काही प्रसंगांत आईवडिलांना काच फोडून मुलांना बाहेर काढावे लागले होते. अशा गाडीत हाताने ओढायची तार कुठे तरी दिलेली असते, कधी दाराच्या कप्प्याच्या तळाशी, कधी झाकणाखाली. मागच्या दाराला ती आहे का, आणि मागे बसणाऱ्या मुलाला ती सापडते का, हे गाडी ताब्यात घेतानाच शोरूममध्ये ओढून पाहावे.