बुश किंडर आणि ॲबोरिजिनल शिकवण : हे सगळं आलं कुठून?

बुश किंडर म्हणजे झाडाझुडपांत, उघड्यावर भरणारी बालवाडी. पण ऑस्ट्रेलियात पोरांना निसर्ग शिकवणं काही नवीन नाही. 1909 मध्ये व्हिक्टोरिया राज्यात पक्षीप्रेमींची एक संघटना निघाली आणि शाळेतली मुलं पक्ष्यांना जपायची शपथ घ्यायला लागली. फक्त त्या निसर्गात ॲबोरिजिनल, म्हणजे तिथली मूळ रहिवासी माणसं कुठेच नव्हती, असलीच तर भूतकाळात. त्याच काळात सरकार त्यांची मुलं घरातून उचलून नेत होतं, ते साधारण 1970 पर्यंत चाललं, आणि संसदेत माफी मागितली गेली ती थेट 2008 मध्ये. हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे पुढे जाऊ.

2009 मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना काय आणि कसं शिकवायचं याचा पहिला राष्ट्रीय आराखडा आला. 2011 मध्ये मेलबर्नच्या डेअरबिन पार्कलँड्समध्ये एका बालवाडीने बुश किंडर चालू केलं. मूळ कल्पना युरोपातल्या जंगल-बालवाड्यांची, म्हणजे खेळणी नाहीत, झोपाळा नाही, रेनकोट आणि गमबूट घालून तीनेक तास बाहेर. पाऊस चालतो, पण वारा जोरात असेल तर सुट्टी, कारण तिथल्या गम झाडांच्या, म्हणजे निलगिरीच्या, फांद्या पडतात. सुरुवातीला हे सगळं निसर्गापुरतंच होतं. पण वुरुन्जेरी, म्हणजे मेलबर्न भागातल्या मूळ ॲबोरिजिनल लोकांच्या जमिनीवर बसायचं आणि त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, हे फार दिवस चालणार नव्हतंच.

आता खरा वादाचा मुद्दा, कोणाची संस्कृती शिकवायची आणि कोणी. अनेक वर्षं बालवाडीत ॲबोरिजिनल म्हणजे कानकाडीने ठिपके काढायचे आणि डिजरिडू या लांब लाकडी फुंकवाद्याची सीडी लावायची, झालं. आता ठिपक्यांची ती चित्रशैली कॅनव्हासवर आली 1971 च्या सुमारास, पापुन्याला, म्हणजे ॲलिस स्प्रिंग्जच्याही पलीकडे वाळवंटात, आणि डिजरिडू उत्तरेकडचं वाद्य. मेलबर्नच्या लोकांच्या ढालींवर रेषांची नक्षी असायची, ठिपके नाही. म्हणजे पोरं वुरुन्जेरींच्या जागेवर बसून हजारो किलोमीटरवरच्या लोकांची नक्कल करत होती. त्यात 2008 मध्ये मुलींसाठीच्या एका पुस्तकाच्या ऑस्ट्रेलियन आवृत्तीत डिजरिडू कसं वाजवायचं ते छापलं, अनेक समाजांत बायकांनी ते वाजवू नये असं मानतात, मोठा गदारोळ झाला आणि प्रकाशकाने माफी मागितली. ते बघून शिक्षिका इतक्या बिचकल्या की चूक करण्यापेक्षा विषयच नको, असं बऱ्याच ठिकाणी झालं.

माझ्या मते यातून वाट काढली ती बाहेर जाण्यानेच. झाडाखाली बसलं की प्रश्न आपोआप इथला होतो. लोमॅन्ड्रा या गवतासारख्या झुडपाची लांब पाती टोपल्या विणायला वापरायचे, ते पोरं स्वतः पात ओढून बघतात. मर्नोंग म्हणजे पिवळ्या फुलाचं कंद असलेलं रोप, बायका टोकदार काठीने खणून काढायच्या, आणि 1840 च्या दशकात मेंढ्यांनी ते जवळजवळ संपवलं. आज बालवाडीच्या वाफ्यात तेच लावतात, कळी उमलायच्या आधी मान खाली घालते ते दाखवतात. ऋतूही चार नाहीत, वुरुन्जेरी सात मानतात, त्यात ईल माशांचा एक आणि बेडकाच्या पिल्लांचा एक. मृग लागला की पेरणीचं बघणाऱ्या घरातल्या माणसाला हे लगेच पटतं. मेलबर्नच्या टारनीट उपनगराकडच्या मराठी आईबापांची तक्रार मात्र वेगळीच असते, चिखलाचे कपडे किती धुवायचे!

2022 च्या डिसेंबरमध्ये सुधारित आराखडा मंजूर झाला, त्यात ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) दृष्टिकोन हे वेगळं तत्त्वच केलं आणि फेब्रुवारी 2024 पासून जुना आराखडा बाद. मधे ऑक्टोबर 2023 चं सार्वमत आलं, मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं मंडळ घटनेत आणायचं का यावर, सुमारे 60 टक्के लोकांनी नाही म्हटलं, तरी बालवाड्यांवरची जबाबदारी काही कमी झाली नाही. विरोधकांचं म्हणणं, लहान मुलांवर राजकारण लादताय. मला ते पटत नाही, पण एक अडचण खरी आहे. नियम सगळ्यांना लागू, आणि शिकवू शकणारे ॲबोरिजिनल ज्येष्ठ मोजकेच. मे अखेरच्या रिकन्सिलिएशन वीकमध्ये (सलोख्याचा आठवडा) आणि जुलैच्या नायडॉक वीकमध्ये (मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा आठवडा) सगळ्यांना तेच हवे असतात, तेही पुष्कळदा फुकटात. आता काही बालवाड्या त्यांचं मानधन वर्षाच्या बजेटमध्येच धरतात आणि त्यांना त्या दोन आठवड्यांऐवजी वर्षभरात थोडं थोडं बोलावतात, बाकीच्यांचं अजून कानकाडीवरच चाललंय.